स्लीप ॲप्निया आणि वजन: मराठवाड्यातील घरांसाठी आहाराचे मार्गदर्शन

झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजाराचे, म्हणजे स्लीप ॲप्नियाचे, निदान झाले की रुग्णाला साधारणपणे दोन गोष्टी सांगितल्या जातात: रात्री सीपॅप (मुखवट्यातून दाबाने हवा देऊन श्वासवाट उघडी ठेवणारे यंत्र) लावून झोपा आणि वजन कमी करा. यंत्राविषयी पुष्कळ बोलणे होते. मुखवट्याचे माप, हवेचा दाब, किंमत, हप्ते हे सारे समजावले जाते. वजनाचा विषय मात्र एका वाक्यात उरकतो आणि रुग्ण गावी परततो तेव्हा त्याच्या हाती फार तर एक छापील तक्ता असतो, ज्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्हचे तेल अशी परभणीच्या किंवा कळंबच्या आठवडी बाजारात न दिसणारी नावे असतात. असा तक्ता चार दिवस पाळला जातो आणि मग घडी होऊन कपाटात जातो. ज्यांच्या घरी ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पिठले आणि शेंगदाण्याची चटणी हेच रोजचे जेवण आहे, त्यांनी त्याच जेवणात राहून वजन कसे उतरवावे, त्याने श्वासाला किती फायदा होतो आणि कोणती घाई अंगाशी येऊ शकते, एवढ्यासाठी हे लिखाण आहे.

श्वास का अडतो आणि त्यात वजनाचा वाटा किती

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. ज्याची श्वासवाट मुळात अरुंद आहे, त्याच्या घशाच्या भिंती आणि जीभ मागे सरकून एकमेकींना टेकतात, हवा आत जात नाही, रक्तातील प्राणवायू उतरतो आणि मेंदू त्या माणसाला क्षणभर जागे करून श्वास पुन्हा सुरू करतो. सकाळी त्यातले काही आठवत नाही. आठवते ते शेजारी झोपलेल्याला. श्वास किमान १० सेकंद थांबणे किंवा बराच मंदावणे, असे तासाला किती वेळा घडते, यावरून आजाराची तीव्रता ठरते. तासाला ५ ते १५ वेळा असेल तर सौम्य, १५ ते ३० असेल तर मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र. झोपेच्या तपासणीच्या अहवालात हा आकडा एएचआय या नावाने लिहिलेला असतो. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, कारण वजन उतरवण्याचा श्वासाला उपयोग झाला की नाही हे पुढे त्याच्यावरूनच कळणार आहे.

चरबीचा संबंध तीन ठिकाणी येतो. मानेभोवती साठलेली चरबी श्वासवाटेला बाहेरून दाबते. पोटाची चरबी, माणूस आडवा झाला की, श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला) वर ढकलते. त्यामुळे फुप्फुसांतील हवा कमी होते, श्वासनलिकेला खालून मिळणारा ताण ढिला पडतो आणि घसा अधिक सहज मिटतो. तिसरे ठिकाण मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, ते म्हणजे जीभ. जिभेतही चरबी साठते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लठ्ठ रुग्णांचे सुमारे १० टक्के वजन कमी झाल्यावर आजाराची तीव्रता साधारण ३१ टक्क्यांनी घटली, आणि एमआरआय चित्रांची तुलना केली तेव्हा त्या सुधारणेचे सर्वांत मोठे कारण जिभेतील चरबी घटणे हे निघाले. केवळ जिभेची चरबी उतरवणारा आहार अजून कोणी शोधलेला नाही. सगळे शरीर उतरते तेव्हा जीभही उतरते.

दुसरा आकडा विस्कॉन्सिनमधला आहे. तेथील सुमारे ६९० लोकांवर चार वर्षे लक्ष ठेवून २००० साली जो निष्कर्ष मांडला गेला, त्यानुसार वजन १० टक्क्यांनी वाढले तर एएचआय सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतो आणि १० टक्क्यांनी घटले तर सुमारे २६ टक्क्यांनी कमी होतो. अर्थ असा की ज्याचा आकडा १८ आहे तो १३ च्या आसपास येऊ शकतो, पण ज्याचा ६० आहे तो ४५ वर आला तरी तीव्र रुग्णच राहतो. मधुमेह असलेल्या २६४ लठ्ठ रुग्णांवर झालेल्या एका अमेरिकी चाचणीत वर्षभरात सरासरी जवळपास ११ किलो वजन उतरवलेल्या गटातसुद्धा आजार पूर्णपणे गेला तो सुमारे १४ टक्के लोकांचाच. वजन उतरवले की यंत्र सुटते, असे सरसकट सांगणाऱ्यांनी हा आकडा ऐकायला हवा. उलट बाजूने, स्पेनमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यंत्र वापरणाऱ्या जाड पुरुषांना आठ आठवडे आहार, व्यायाम, झोपेच्या सवयी आणि दारू-तंबाखू सोडणे असे एकत्रित मार्गदर्शन दिले गेले. त्यांचे सरासरी सात किलो वजन उतरले, एएचआय निम्म्यावर आला आणि आठ आठवड्यांनंतर सुमारे ४५ टक्के जणांना यंत्राची गरज उरली नाही. दोन्ही चाचण्या खऱ्या आहेत. आपण कोणत्या बाजूला जाऊ, हे सुरुवातीच्या आकड्यावर, जबड्याच्या ठेवणीवर आणि नेमक्या कोणत्या जागची चरबी उतरते यावर ठरते. आधी सांगता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आशियाई लोकांच्या चेहऱ्याची आणि जबड्याची ठेवण अशी असते की कमी वजनावरही श्वास अडू शकतो. शिवाय भारतीयांसाठी बीएमआय (किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २३ पासूनच जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली तर ते पोटाच्या चरबीचे लक्षण समजतात. "मी कुठे एवढा जाड आहे" असे म्हणणाऱ्या, हातपाय बारीक पण पोट सुटलेल्या गृहस्थांनी शिंप्याची टेप बेंबीच्या पातळीवर एकदा लावून पाहावी. मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या पुढे असणे हीदेखील या आजाराच्या धोक्याची खूण मानली जाते.

उद्दिष्ट आणि मोजणी

पहिले उद्दिष्ट आजच्या वजनाच्या १० टक्के एवढेच ठेवावे आणि त्याला सहा महिने द्यावेत. ८५ किलोच्या माणसाला साडेआठ किलो, म्हणजे आठवड्याला ३०० ते ३५० ग्रॅम. आकडा किरकोळ वाटतो आणि त्यामुळेच तो जमतो. महिन्यात दहा किलोची हमी देणाऱ्या पावडरी आणि पेये तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये. उपाशी राहून झटपट उतरलेल्या वजनात स्नायूही जातात, आणि वजन परत येते ते चरबीच्या रूपाने.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी करावे. कंबर व मान महिन्यातून एकदा मोजावी. रोज काट्यावर उभे राहणाऱ्याला पाण्याच्या चढउतारामुळे एक दिवस आनंद आणि दुसऱ्या दिवशी निराशा येते, आणि निराशेच्या दिवशी माणूस चिवड्याचा डबा उघडतो.

याखेरीज स्वयंपाकघरात एक मोजणी करावी, जी मला सगळ्या तक्त्यांपेक्षा उपयोगी वाटते. तेलाचा डबा घरात कोणत्या तारखेला उघडला आणि कोणत्या तारखेला संपला, हे कॅलेंडरवर लिहावे. पाच माणसांच्या घरात १५ किलोचा डबा चार महिने पुरत असेल, तर माणशी रोज २५ ग्रॅम तेल पोटात जाते. तोच डबा दोन महिन्यांत संपत असेल तर रोज ५० ग्रॅम, म्हणजे एका माणसाला फक्त तेलातून ४५० कॅलरी. या दोन घरांतील फरक माणशी रोज २२५ कॅलरींचा आहे, आणि तो ताटात दिसत नाही, कारण भाकरी तेवढीच आणि भाजी तेवढीच असते. ज्यांच्या घरी डबा दोन महिन्यांत रिकामा होतो, त्यांनी बाकी काही न बदलता तो साडेतीन महिने पुरवायचे ठरवले, तरी काम बरेच मार्गी लागते. फोडणीला बाटलीतून धार न सोडता चमच्याने मोजून तेल घालावे, भाजी झाकण ठेवून वाफेवर शिजवावी, कालवणावर तरंगणारा तवंग पळीने काढून ठेवावा. करडईचे तेल आरोग्याला चांगले, असे मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते आणि त्यात तथ्यही आहे. पण कॅलरींच्या हिशेबात सगळी तेले सारखीच, एका ग्रॅमला नऊ. चांगले तेल म्हणून जास्त घातले तर वजन वाढायचे ते वाढतेच.

भाकरी सोडावी का

सोडू नये. वजन कमी करायचे म्हणून पहिला वार भाकरीवर होतो आणि तिच्या जागी ब्रेड, बिस्किटे किंवा मक्याचे पोहे येतात, हा सौदा आतबट्ट्याचा आहे. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३३५ ते ३५० कॅलरी, सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तेवढेच तंतू असतात. भाकरीला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते आणि पोट लवकर भरते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या 'परभणी शक्ती' या वाणात लोह आणि जस्त अधिक आहे. तो मिळाल्यास उत्तमच, पण घरची शाळू ज्वारीही पुरेशी आहे.

अडचण संख्येची आहे. मराठवाड्यातील भाकरी मोठी असते. ८० ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर ती सुमारे २७० कॅलरींची होते. दिवसभर औत धरणाऱ्या किंवा खुरपणी करणाऱ्या माणसाला एका जेवणात तीन-चार भाकरी लागत, आणि त्या जिरतही. आता तोच माणूस ट्रॅक्टरवर बसतो, किंवा त्याचा मुलगा लातूरच्या मोंढ्यात गादीवर बसून हिशेब लिहितो, तरी भाकरीची संख्या आजोबांच्या काळातलीच राहिली आहे. बैठे काम करणाऱ्याने दुपारी दोन आणि रात्री एक, तीही मध्यम आकाराची, एवढ्यावर हळूहळू यावे. चारवरून एकदम एकवर उतरू नये. दर पंधरवड्याला अर्धी भाकरी कमी करावी, म्हणजे पोटाला आणि घरातल्या माणसांनाही त्याची सवय होते. भाकरी थापणाऱ्या बाईला हे आधी सांगावे. आपल्याकडे पानात वाढत राहणे हे मायेचे लक्षण असते, आणि "एवढीच?" हा प्रश्न आईकडून किंवा बायकोकडून आला की भल्याभल्यांचा निश्चय ढळतो. ज्याचे वजन उतरवायचे आहे त्याच्याशी नव्हे, तर जी स्वयंपाक करते तिच्याशी डॉक्टरांनी पहिली पाच मिनिटे बोलावे, असे माझे मत आहे. आणि स्वयंपाक करणारी स्वतःच रुग्ण असेल, तर घरातल्या इतरांनी आपली फर्माईश आवरावी. तिच्यासाठी वेगळे शिजवायला घरात दुसरे कोणी नसते.

कमी झालेल्या भाकरीची जागा कोरडी ठेवली तर रात्री दहाला भूक लागते. ती जागा दोन गोष्टींनी भरावी: भाजी आणि डाळ-उसळ. मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा, अंबाडी, घोळ या पालेभाज्या कमी तेलात करून मोठी वाटीभर खाव्यात. उन्हाळ्यात, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, खेड्यात पालेभाजी दुर्मिळ होते आणि मिळाली तरी महाग असते. त्या दिवसांत मोड आलेली मटकी, काकडी, कांदा, दुधी, दोडका आणि वाळवून ठेवलेली गवार यांवर भागवावे. प्रथिनांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण वजन उतरताना स्नायू टिकवायचे असतील तर ती पुरेशी लागतात. तुरीचे वरण घट्ट असावे. पाणी वाढवून ताणलेल्या आमटीत डाळ नावापुरती उरते. मटकी, हरभरा, हुलगे यांच्या उसळी, हुलग्याचे माडगे, पिठले, घरचे दही-ताक, आणि चालत असेल त्यांना उकडलेली अंडी, मासे किंवा तवंगाविना केलेला चिकनचा रस्सा, हे सारे उपयोगाचे आहे. पिठले मात्र तेलात पोहू नये.

शेंगदाणा हा आपल्या स्वयंपाकाचा कणा आहे, म्हणून त्याचा उल्लेख वेगळा करावा लागतो. तो पौष्टिक आहे, पण मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाण्यात सुमारे १७० कॅलरी असतात. वांग्याच्या भाजीत कूट, चटणीत दाणे, चटणीवर कच्चे तेल आणि वर संध्याकाळी गुळासोबत भाजलेले दाणे, असे चार ठिकाणांहून ते येतात आणि दिवसाअखेर एका जेवणाएवढे होतात. चारपैकी एक ठिकाण ठेवावे. कोणते ठेवायचे ते ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडावे.

चहा, उपवास आणि सणवार

चहाचा हिशेब सोपा आहे. एका चमच्यात ५ ग्रॅम साखर धरली आणि एका कपात दोन चमचे, तर पाच कपांत ५० ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरी. ज्याच्या दुकानावर किंवा कार्यालयात येणाऱ्या प्रत्येकासोबत एक कट चहा घ्यावा लागतो, त्याचा आकडा याहून पुढे जातो. चहा पूर्ण सोडणे कोणाला जमत नाही. दोन कप ठेवावेत, साखर निम्मी करावी आणि चारनंतरचा चहा बंद करावा, कारण तो झोपही उशिरा आणतो. साखरेऐवजी गूळ घातल्याने वजनाच्या हिशेबात काहीच फरक पडत नाही.

उपवासाने वजन उतरेल अशी आशा अनेकांना असते. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण आपल्या लोकांनी उगाच केलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नसल्यासारखीच. त्याची खिचडी तूप, बटाटा आणि दाण्याच्या कुटासह एक मोठी बशीभर खाल्ली तर ती नेहमीच्या जेवणापेक्षा जड होते आणि तीन तासांत पुन्हा भूक लागते. उपवास करायचाच असेल तर भगर, ताक, काकडी, रताळ्याचा एखादा तुकडा आणि एखादे फळ, जालन्याची मोसंबी असेल तर रस न काढता सोलून, एवढ्यावर करावा. नवरात्रातील नऊ दिवसांचे कडक उपवास मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना करू नयेत.

वेळ अमावास्येला शेतात बसून भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे न खाणारा माणूस लातूर-धाराशिवकडे सापडायचा नाही, आणि त्याने तसे करूही नये. अधिक मासात जावयाला धोंडे वाढले जातात, लग्नसराईत चार-चार पंगती होतात. वर्षातले असे दिवस मोजून पाहिले तर ते बोटांवर मावतात. वजन वाढते ते बाकीच्या दिवसांनी. सणाच्या दिवशी एकदा पोटभर खावे, दुसऱ्या वेळी ताक-भाकरीवर राहावे, आणि दुसऱ्या दिवसापासून नेहमीच्या ताटावर यावे. प्रायश्चित्त म्हणून दिवसभर उपाशी राहिले की संध्याकाळी तोल सुटतो.

रात्रीचे जेवण

स्लीप ॲप्नियाच्या रुग्णाच्या दृष्टीने दिवसातले सर्वांत महत्त्वाचे जेवण हेच आहे. पोट गच्च भरून लगेच आडवे झाले की श्वासपटलावर दाब येतो आणि आम्ल घशाशी येते. या रुग्णांमध्ये आम्लपित्ताचा त्रास तसाही अधिक आढळतो. शिवाय उशिरा जेवणारा माणूस भुकेला येतो आणि जास्त खातो. म्हणून झोपण्याच्या तीन तास आधी जेवण संपवावे आणि ते दुपारच्या जेवणाहून लहान असावे. एक भाकरी, भाजी आणि वरण पुरे होते. खिचडी किंवा भातावर तूप, त्यासोबत पापड आणि लोणचे असा "हलका" समजला जाणारा बेत प्रत्यक्षात फारसा हलका नसतो.

शेतकऱ्याला हे वेळापत्रक पाळणे नेहमी शक्य नाही, हे मान्य करावे लागेल. कृषिपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्री येते, त्या आठवड्यात माणूस मध्यरात्री मोटार सुरू करायला जातो, परतताना काहीतरी खातो आणि पहाटे झोपतो. अशा पाळीत मुख्य जेवण संध्याकाळी साडेसहा-सातलाच करावे, शेतात जाताना सोबत फरसाण न नेता भाजलेले फुटाणे आणि ताक न्यावे, आणि परत आल्यावर फक्त पाणी पिऊन झोपावे. यंत्र असेल तर दिवसाच्या झोपेलाही ते लावावे. श्वास दिवसाही अडतो.

दारूबद्दल दोन वाक्ये पुरेत. झोपेपूर्वी घेतलेली दारू घशाचे स्नायू आणखी सैल करते, श्वास अधिक वेळा आणि अधिक वेळ अडतो. आणि तिच्यातील अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅममागे सात कॅलरी, शिवाय सोबतची भजी-शेंगा वेगळ्याच. झोप लागत नाही म्हणून मेडिकलवरून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्याही याच कारणाने धोक्याच्या ठरू शकतात.

मिठाचाही श्वासाशी संबंध आहे, विशेषतः ज्यांना रक्तदाब आहे किंवा संध्याकाळी पायांवर सूज येते त्यांच्या बाबतीत. दिवसभर पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर मानेकडे सरकते आणि श्वासवाटेभोवतीची जागा अधिक अरुंद करते. दिवसाला एकूण ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा मीठ ही मर्यादा सांगितली जाते. पापड, लोणचे, खारे दाणे आणि ठेचा एकाच ताटात आले तर ती तिथेच ओलांडली जाते.

अपुरी झोप आणि भूक

आहार पाळूनही वजन हलत नाही, अशी तक्रार उपचार न घेतलेल्या रुग्णांमध्ये नेहमी ऐकू येते, आणि तिला कारण आहे. तुटक, अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन कमी पडते. गोड आणि तळलेले खावेसे वाटते. दिवसा पेंग येत असेल तर माणूस चालायला जात नाही. म्हणून आधी वजन उतरवतो आणि मग यंत्राचे बघू, हा क्रम मध्यम व तीव्र आजारात चुकीचा आहे. दोन्ही एकत्र सुरू करावे. मात्र यंत्र लावले की वजन आपोआप उतरेल, हीसुद्धा समजूत खरी नाही. चाचण्यांमध्ये केवळ सीपॅप वापरणाऱ्यांचे वजन सरासरीने थोडेसे वाढल्याचेच दिसले आहे. यंत्र झोप देते आणि अंगात उत्साह आणते. तो उत्साह चालण्यात घालवायचा की आणखी एका पंगतीत, हे आपल्या हाती राहते.

चालण्याबद्दल थोडक्यात: आठवड्यात पाच दिवस रोज अर्धा तास, श्वास थोडा फुलेल पण बोलता येईल अशा गतीने चालावे. मार्च ते जूनमध्ये ऊन चढण्याआधी, पहाटेच चालावे. व्यायामाने वजन फारसे घटले नाही तरी श्वास अडण्याचे प्रमाण थोडे कमी होते, असे अभ्यासांत आढळले आहे. त्यामुळे काटा हलत नाही म्हणून चालणे सोडू नये. पाठीवर झोपल्यावर त्रास वाढत असेल तर कुशीवर झोपण्याची सवय लावावी.

कोणी सांभाळून राहावे

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि भाकऱ्या निम्म्यावर आणल्या, तर साखर अचानक खाली जाऊ शकते. घाम, थरथर आणि घाबरल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. आहार बदलण्याआधीच डॉक्टरांना भेटून डोस ठरवून घ्यावा. वजन उतरू लागल्यावर रक्तदाबाची गोळीही कमी करावी लागू शकते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डाळी आणि प्रथिने मनाने वाढवू नयेत. गरोदर स्त्रियांनी वजन उतरवण्याच्या फंदात पडू नये. लहान मुलाचा श्वास झोपेत अडत असेल तर कारण बहुधा टॉन्सिल किंवा नाकामागच्या ग्रंथींत असते. त्याला उपाशी ठेवण्याऐवजी कान-नाक-घसातज्ज्ञांकडे न्यावे. सडपातळ माणसाला हा आजार असेल तर वरील आहारातून त्याला फारसे मिळण्यासारखे नाही; त्याच्या जबड्याची, नाकाची आणि थायरॉइडची तपासणी महत्त्वाची.

वजन उतरवणाऱ्या टिर्झेपॅटाइड या इंजेक्शनला लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्या प्रौढांसाठी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली आणि २०२५ पासून ते औषध भारतातही मिळू लागले. ते महाग आहे, मळमळ-उलटीसारखे त्रास होऊ शकतात, आणि बंद केल्यावर वजन परत येण्याची प्रवृत्ती असते. फार जास्त वजन असलेल्यांसाठी बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोटावर करायच्या, शस्त्रक्रियेचाही पर्याय असतो. दोन्ही निर्णय तज्ज्ञांनी घ्यायचे आहेत, आणि दोन्हींत ताटाचा हिशेब सुटत नाही.

वजन १० टक्क्यांनी उतरले, घोरणे थांबले, दिवसा पेंग येईनाशी झाली, तरी यंत्र स्वतःहून काढून ठेवू नये. घोरणे थांबूनही श्वास अडत राहू शकतो, आणि ते झोपलेल्याला कळत नाही. ट्रॅक्टर, उसाचा ट्रक किंवा ट्रॅव्हल्सची बस चालवणाऱ्याने तर हा धोका मुळीच पत्करू नये. अशा वेळी छाती व श्वसनविकारतज्ज्ञांकडे जाऊन झोपेची तपासणी पुन्हा करून घ्यावी. जाताना पहिला अहवाल, वजन-कंबर-मानेच्या नोंदींची वही, चालू औषधांची यादी आणि यंत्राचे मेमरी कार्ड सोबत न्यावे. त्या कार्डावर प्रत्येक रात्रीचा वापर आणि उरलेला एएचआय नोंदलेला असतो. पुष्कळदा यंत्र चालूच ठेवून हवेचा दाब कमी करावा लागतो, आणि मुखवटा चेहरा उतरल्यामुळे सैल झाला असेल तर तो बदलावा लागतो. यंत्र सुटले तरी वजन महिन्याला एकदा करत राहावे, आणि ते पुन्हा चार-पाच किलोंनी वाढले किंवा घरातल्यांना रात्री श्वास अडल्याचे जाणवले, तर सहा महिने वाट न पाहता तपासणी पुन्हा करावी.